फिलूमावशींची तेरेजा

फिलूमावशींच्या फाटकावर पत्र्याची एक पाटी आहे. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं : ‘हॉर्न वाजवू नये. बाई ध्यानाला बसल्या आहेत.’

नवखा माणूस ही पाटी वाचतो आणि आपोआप चपला हातात घेतो. आत कोणी साध्वी वगैरे असाव्यात, असं त्याला वाटतं. तो दबकत दबकत वाडीत शिरतो आणि तेवढ्यात केळीच्या आडून फिलूमावशी प्रकट होतात. फुलाफुलांचा गाऊन, खांद्यावर टॉवेल, पायात गमबूट आणि हातात कोयता. आमच्या नंदाखाल गावच्या चर्चपर्यंत पोचेल अशा आवाजात त्या ओरडतात, “कोन हाय? हळू बोला! बाई बसलीय!”

आलेला माणूस अजून एक अक्षरही बोललेला नसतो.

आमची बिल्डिंग त्यांच्या वाडीला लागूनच आहे. चिपळूण सोडून मी नोकरीसाठी इकडे आलो, फ्लॅट घेतला, मागून आईला आणलं. पहिल्याच आठवड्यात कुंपणापलीकडून हाक आली, “ए, नवीन! गाव कुठलं?” मी म्हटलं, चिपळूण. त्या दिवसापासून मी ‘चिपळूण’ झालो. माझं नाव त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही. माझी बायको अनघा ‘चिपळूणची बायको’ आणि आई ‘चिपळूणची आय’. वरच्या मजल्यावर ‘सातारा’ राहतात. त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं वाजलं की मावशी मला खालून विचारतात, “आज साताऱ्यात काय चाललंय?”

तर ध्यानाला बसलेल्या बाई म्हणजे एक चित्र आहे. मावशींच्या ओटीवर, दारातून शिरल्या शिरल्या समोर दिसेल असं टांगलेलं. आविलाच्या संत तेरेजा. तपकिरी झगा, डोक्यावर काळं वस्त्र, मांडीवर उघडं पुस्तक, हातातून लेखणी सुटायच्या बेतात आलेली आणि डोळे अर्धे मिटलेले. बाई लिहिता लिहिता थांबली आहे आणि तिला आपण सोडून दुसरंच काहीतरी ऐकू येतं आहे, असं त्या चेहऱ्याकडे बघून वाटतं. चित्रं मला फारशी कळत नाहीत. पण त्या चित्रासमोर उभं राहिलं की आपला खांदा आपोआप खाली येतो, एवढं मी सांगू शकतो.

तेरेजाबाईंच्या मागे एक खिडकी आहे आणि खिडकीतून केळीचं बन दिसतं. मी एकदा म्हटलं, “मावशी, या बाई स्पेनच्या ना? तिकडे केळी कुठून आल्या?”

“तू गेलायस?”

“नाही.”

“मग?”

विषय संपला.

बाईंना शांतता लागते, म्हणून मावशींनी अख्ख्या रस्त्याला शिस्त लावली आहे. गॅसवाला त्यांच्या घरापुढे सिलिंडर गडगडत नेत नाही, बाळासारखा उचलून नेतो. मासेवाली फाटकापाशी आली की ओरडणं थांबवून नुसती टोपली उघडून दाखवते. एका लग्नाची वरात बेंजो वाजवत चालली होती, तेव्हा मावशी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाद्यं बंद, नाचणारे खाली मान घालून चाललेत, मधोमध घोड्यावर नवरदेव, अशी ती वरात गेली. समोरून येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी गाडी थांबवून हात जोडले. त्यांना बिचाऱ्यांना वेगळंच वाटलं.

आणि एवढी शांतता राखणाऱ्या फिलूमावशी स्वतः मात्र सकाळी डोळे उघडल्यापासून बोलत असतात. केळीशी बोलतात, विहिरीच्या पंपाशी बोलतात, पंप चालू झाला नाही तर त्याच्या कंपनीशी बोलतात. संध्याकाळी दिवा लावला की चित्रासमोर खुर्ची ओढून बसतात आणि दिवसभराच्या बातम्या बाईंना सांगतात. कोणाच्या वाडीतली केळी पडली, कोणाच्या मुलीचं जमलं, कोणी जागा बिल्डरला दिली. घरातली बोली वेगळीच. ‘स’चा ‘ह’ होतो, शब्द गोल गोल होऊन येतात. सुरुवातीला मला त्यातलं काही कळायचं नाही. मी विचारलं, “मावशी, बाई ध्यानात असताना तुम्ही बोललेलं चालतं?”

“मी कुठं बोलते? मी खबर देते. खबर नको तिला?”

लग्न त्यांनी केलं नाही. वडिलांच्या मागे वाडी एकटीने सांभाळली. आजही माडावर चढणारा गडी आला की त्या खाली उभ्या राहून त्याला कुठला नारळ काढायचा, कुठला ठेवायचा हे सांगतात. तो बिचारा वरून म्हणतो, “मावशी, तुम्हीच या ना वर!” तर त्या म्हणतात, “आले असते. गुडघे नाय येत.”

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे पाणी भरलं. दरवर्षी थोडंफार भरतंच, पण त्या दिवशी दुपारी ते वाढतच राहिलं. मी गॅलरीतून बघत होतो. वाडी तळं झाली होती आणि त्या तळ्यातून मांडीपर्यंतच्या पाण्यात फिलूमावशी येत होत्या. डोक्यावर केळीच्या पानांत आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी मोठं, चौकोनी. मी धावत खाली गेलो.

“मावशी, कागदपत्रं घेतलीत का? कपाटातलं काही?”

“कपाट पोहतंय. तू हे धर. आडवं नको, उभं धर. नि बोलू नको.”

त्या पुढे अडीच-तीन महिने आमच्याकडेच होत्या म्हटलं तरी चालेल. म्हणजे रात्री झोपायला दोन घरं पलीकडे चुलतभावाकडे जायच्या, पण भिंती वाळेपर्यंत बाई आमच्या हॉलमध्ये राहायला आल्या आणि जिथे बाई तिथे मावशी. टीव्हीच्या बरोबर वर त्यांनी जागा निवडली. आईची मालिका बिनआवाजाची झाली. आईने दोन दिवस कुरकुर केली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अशी जास्त चांगली वाटते रे. त्या सासूचं तोंड नुसतं हलतं, बरं वाटतं.” कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की अनघा स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. आमच्या देवघरातली घंटा आईने किणकिण अशी हळूच वाजवायला सुरुवात केली. मावशींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, “चिपळूणची आय, ती वाजवा मोठ्यानं. तो बाईच्या कामाचाच आवाज हाय.”

आई आणि मावशी यांचं मेतकूट जमलं, हे वेगळं सांगायला नको. संध्याकाळी मावशी बाईंना बातम्या द्यायच्या आणि आई मटार सोलत ऐकायची. महिन्याभरात आईला ती बोली इतकी येऊ लागली की ती मला अर्थ सांगायची.

पण चित्राला पाणी लागलंच होतं. खालचा कोपरा भिजला होता. तिथल्या तपकिरी रंगाचे पोपडे सुटले, लेखणी धरलेल्या हाताची दोन बोटं गेली आणि ओल वर चढून सुकल्यावर बाईंच्या चेहऱ्यावर बारीक बारीक चिरा पडल्या. मावशी रोज सकाळी येऊन आधी त्या चिरा बघायच्या. बोलत काहीच नसत. त्यांचं न बोलणं बघून आम्हालाच धसका बसायचा.

अनघाच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा भाऊ जुनी चित्रं दुरुस्त करायचा. अनघाने विचारलं, “मावशी, त्याला बोलावू? अगदी पहिल्यासारखं करून देतो म्हणे.”

“हात लावायचा नाय कोनी.” मावशी खुर्चीतून उठल्याच. “जिनं काढलं तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाय.”

“कोणी काढलंय?”

“रोझीनं. कोन काढनार दुसरं?”

रोझी हे नाव आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. गावातल्या प्रत्येक घराची माहिती असलेल्या मावशींनी स्वतःच्या बहिणीबद्दल इतक्या दिवसांत चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशी मात्र काढला.

रोझी त्यांच्या पाठची. “माझ्यापेक्षा जास्त बोलायची,” मावशी म्हणाल्या. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे शक्य आहे असं आमच्यापैकी कोणालाही वाटलं नाही. “जेवताना बोलायची, झोपेत बोलायची. बापा म्हनायचा, हिला चर्चमध्ये नेऊ नका, फादरला सर्मन करू द्यायची नाय.” रोझीचा हात चित्राचा. प्रार्थनापुस्तकात ठेवायच्या एका छोट्याशा छापील चित्रावरून तिने हे एवढं मोठं चित्र काढलं. ओटीवर बसून काढलं. खिडकीचं काय करावं ते त्या छापील चित्रात नीट दिसत नव्हतं, म्हणून समोर जे दिसत होतं तेच तिने काढलं.

“चित्र झालं नि म्हनाली, मी मठात जाते. साध्या नाय. बंद मठात. एकदा आत गेलं की भायेर यायचं नाय, दिवसभर मौन. आमी किती हसलो! बापा म्हनाला, आठ दिवसांत परत येते बघा.”

मावशी टॉवेलने चित्राच्या चौकटीवरची नसलेली धूळ पुसत म्हणाल्या, “बापा गेला तेव्हा पन नाय आली. तसा नियमच हाय.”

मठ घाटावर, एका डोंगरगावाला. वर्षातून ठरावीक वेळा घरच्यांना भेटता येतं. मावशी एसटीने जायच्या, पण गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून गेली काही वर्षं जाणं झालं नव्हतं.

“कुठे भेटतात मग?” आईने विचारलं.

“पार्लरमध्ये.”

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. मठात ब्युटी पार्लर असतं हे तिला नवीनच होतं. जाळीच्या अलीकडे पाहुणे, पलीकडे सिस्टर, अशा भेटीच्या खोलीला तिकडे पार्लर म्हणतात, हे मावशींनी समजावल्यावर आई म्हणाली, “मला न्याल का हो?”

मग मावशी माझ्याकडे वळल्या. “चिपळूण, रविवारी गाडी कुठं जात नाय ना?”

आम्ही निघालो. पुढे मी आणि मावशी, मागे आई आणि तेरेजाबाई. बाई चादरीत गुंडाळलेल्या, सीटबेल्ट लावून. मावशींच्या मांडीवर सुकेळ्यांची पुडी होती. आपल्या वाडीतली राजेळी केळी उन्हात वाळवून, केळीच्या खोडाच्या सुक्या सोपटात बांधून केलेली. गाडी गावाबाहेर पडली तेव्हापासून मावशी रोझीला काय काय सांगायचं याची तयारी करत होत्या. आधी वाडीची खबर. मग चुलतभावाच्या नातीचं लग्न. मग कोण कोण गेलं ते. चित्राचं अगदी शेवटी.

“पान्यानं गेलं गो रोझी, माझ्या हातानं नाय गेलं,” त्या काचेकडे बघून म्हणाल्या. मग स्वतःलाच म्हणाल्या, “नाय, असं नको. ती म्हनेल, आधी डोक्यावर का नाय घेतलं.” पुन्हा नव्याने सुरुवात. घाट चढेपर्यंत ते वाक्य त्यांनी नाना तऱ्हांनी म्हणून पाहिलं. कोणाच्याच दरबारात न घाबरणारी ही बाई आपल्या धाकट्या बहिणीला घाबरली होती.

मठ लहानसाच होता. घंटा वाजवली. भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट होतं. त्यात सुकेळी ठेवली, ते आतून कोणीतरी फिरवलं आणि आतून आवाज आला, “थँक यू. प्लीज वेट.” पार्लर म्हणजे तीन खुर्च्या, एक क्रूस आणि भिंतभर जाळी. चादरीतलं चित्र मावशींनी आपल्या खुर्चीला टेकवून ठेवलं आणि पदर सारखा केला. त्या दिवशी त्या साडी नेसल्या होत्या.

पलीकडचं दार उघडलं आणि एक लहानखुरी, चष्मेवाली सिस्टर आली. चित्रातल्यासारखाच तपकिरी झगा. जाळीपाशी येऊन तिने बोटं आत घातली. मावशींनी त्या बोटांना धरलं. आणि सिस्टर बोलू लागली.

काय बोलली म्हणून सांगू! पण तो आवाज मठातला होता. वर्षानुवर्षं हळू बोलून बोलून अगदी बारीक झालेला. शब्द मात्र नंदाखालचे, गोल गोल, एकावर एक येणारे. मठातल्या परसात तिने घेवडा लावला होता. तिच्या पायाला मुंग्या येतात. मंगळूरची एक नवी मुलगी आली आहे, तिला भात नीट शिजवता येत नाही. मग कोंबडीची गोष्ट. सकाळच्या ध्यानाच्या वेळी मठातली कोंबडी चॅपलमध्ये शिरली. सगळ्या डोळे मिटून बसलेल्या. किलकिल्या डोळ्यांतून कोंबडी सगळ्यांना दिसते आहे, पण मौन, त्यामुळे हुसकवायचं कोणी? कोंबडी ऐटीत पुढे गेली, वेदीपाशी बसली, अंडं घातलं आणि मग अख्खं चॅपल डोक्यावर घेतलं. ध्यान संपल्यावर मदर म्हणाल्या, “आज आपल्यापैकी एकीनेच देवाचे मनापासून आभार मानले.”

रोझीसिस्टर तोंडावर हात ठेवून हसल्या. आई डोळे पुसत हसली. मीही हसलो. मावशी आमच्याकडे बघून हसल्या.

फिलूमावशी बोलत नव्हत्या. हे मी मघापासून बघत होतो. मान थोडी तिरकी करून, डोळे बहिणीच्या तोंडावर लावून त्या नुसत्या बसल्या होत्या. गाडीत तयार केलेल्या खबरांमधली एकही त्यांनी काढली नाही. आईने मला कोपराने ढोसलं. आता बोलतील, मग बोलतील, म्हणता म्हणता अर्धा तास गेला आणि आत घंटा वाजली.

रोझीसिस्टर उठल्या. जाळीला अगदी तोंड लावून त्यांनी जरा मोठ्याने विचारलं, “नि माझी तेरेजा कशी हाय?”

माझा हात चित्राकडे गेला. मावशींनी तो धरून ठेवला.

“बरी हाय,” मावशी म्हणाल्या. “तुझ्यामाझ्यासारखीच. थोडी म्हातारी झालीय.”

रोझीसिस्टर पुन्हा हसल्या. मग त्यांनी बोटं काढून घेतली आणि दार लागलं.

परत येताना घाट उतरून आम्ही एका टपरीवर चहाला थांबलो, तेव्हा आईला राहवलं नाही. “अहो फिलूबाई, एवढं ठरवून गेलात आणि एक शब्द बोलला नाहीत!”

“तिला कधी बोलायला मिळतं?” मावशी म्हणाल्या. “तिथं सगळ्या केरळच्या, मंगळूरच्या. बोलायची वेळ असते तेव्हा इंग्लिश बोलायचं, हिंदी बोलायचं. आपल्या घरचं कोनाशी बोलनार ती? ते मी गेले की बोलते. त्यात मी माझं घुसडलं असतं, तर तिनं काय करायचं? मला काय, माझं तोंड वर्षभर उघडंच हाय.”

“आणि चित्राचं?”

“ती हसली की. मग आता कशाला? राहू दे बाईला तशीच.”

चहा आला. मावशींनी तो बशीत ओतला, पण प्यायल्या नाहीत. थोड्या वेळाने खालमानेने म्हणाल्या, “चिपळूणची आय, एक विचारू? तुमाला तिचं समदं ऐकू आलं?”

“आलं की. का?”

“मला नाय आलं. हॉर्न येतो, शिट्टी येते, मोठं बोललेलं येतं. हळू बोललेलं आता नाय येत. नि ती बिचारी हळूच बोलते. शेवटचं तेवढं आलं. मोठ्यानं बोल म्हटलं असतं, तर तिनं आवरतं घेतलं असतं. माझा कान गेला म्हनून रडली असती. म्हनून नुसतं बघत बसले. तोंड हलताना बघितलं. बरी दिसते ना? खुशीत दिसते.”

इतकी वर्षं शेजारी राहून मावशींना कमी ऐकू येतं हे आम्हाला कळलं नव्हतं. कळणार कसं? त्यांनी आमच्यापैकी कोणाला बोलूच दिलं नव्हतं.

मी पैसे द्यायला उठलो. परत आलो तेव्हा आईने आपली खुर्ची मावशींच्या अगदी जवळ, उजव्या बाजूला ओढून घेतली होती आणि तोंड त्यांच्या कानाशी नेऊन ती सुरुवातीपासून सांगत होती. घेवडा. पायाच्या मुंग्या. मंगळूरच्या मुलीचा भात. आमची चिपळूणची आई, त्यांच्या बोलीत, जमेल तसं, अडखळत. अडलं की माझ्याकडे बघायची आणि मी राहिलेलं सांगायचो. टपरीवरची माणसं वळून वळून बघत होती, कारण आई हे सगळं ओरडून सांगत होती.

मग कोंबडी चॅपलमध्ये शिरली, वेदीपाशी गेली, अंडं घातलं. मदर काय म्हणाल्या ते आईने सांगितलं आणि मावशींचे डोळे मोठे झाले.

“असं म्हनाली?”

“असंच म्हणाली.”

फिलूमावशींनी पदराचं टोक तोंडावर धरलं आणि त्या हसू लागल्या. खांदे गदगदायला लागले, बशीतला चहा साडीवर सांडला, तरी त्यांना हसू आवरेना.

“मग?” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “मग पुढं काय बोलली रोझी?”